जेथ्रो टलचा 'नाइटकॅप' आणि शातो देरूव्हिलची उरलेली ध्वनिमुद्रणे: कोणत्या क्रमाने आणि कशी ऐकावीत

जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या कपाटात पडून राहिलेली ध्वनिमुद्रणे अल्बमच्या रूपाने बाहेर येतात आणि पुढे त्यांच्याही नव्या आवृत्त्या निघू लागतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची हेच श्रोत्याला कळेनासे होते. जेथ्रो टल या ब्रिटिश बँडच्या बाबतीत हा गुंता बराच मोठा आहे. १९७२ साली फ्रान्समधल्या शातो देरूव्हिल या स्टुडिओत केलेले आणि अर्धवट सोडून दिलेले त्यांचे ध्वनिमुद्रण आजवर चार रूपांत प्रसिद्ध झाले आहे. १९८८च्या '२० इयर्स ऑफ जेथ्रो टल' या संचात त्याचा एक तुकडा आला, १९९३च्या 'नाइटकॅप' या दुहेरी सीडीत बराच मोठा भाग आला, २०१४मध्ये ते नव्याने मिक्स होऊन (म्हणजे वाद्यांचे आणि गायनाचे आवाज नव्याने एकत्र जुळवून) 'अ पॅशन प्ले' या १९७३च्या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीसोबत आले, आणि २०२४मध्ये दोन एलपींचा स्वतंत्र संच निघाला. गाणी बव्हंशी तीच असली तरी त्यांचा क्रम, त्यांची नावे, त्यांचे मिक्सिंग आणि काही ठिकाणी तर प्रत्यक्ष वाजणारा फ्लूटसुद्धा वेगळा आहे.

ही सामग्री म्हणजे हरवलेला अल्बम आहे असे समजून ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती एका बँडने घेतलेल्या निर्णयांची नोंद आहे. काय ठेवले, काय टाकले आणि टाकलेले पुढे कोणत्या रूपात परत आले, हे तिच्यातून कानांनी तपासता येते. तसे ऐकायचे असेल तर थोडी तयारी करावी लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९७२च्या मार्चमध्ये जेथ्रो टलचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' प्रसिद्ध झाला. एलपीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेले एकच सलग गाणे असूनही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. यशाबरोबर ब्रिटनमधील भरमसाट प्राप्तिकराचा प्रश्नही आला, आणि त्या काळातील इतर अनेक कलावंतांप्रमाणे या मंडळींनीही देशाबाहेर, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, राहण्याचा विचार केला. नव्या अल्बमसाठी त्यांनी पॅरिसच्या वायव्येला असलेल्या एरूव्हिल गावातील जुन्या हवेलीतला (फ्रेंचमध्ये 'शातो', म्हणून शातो देरूव्हिल) स्टुडिओ निवडला. तो मिशेल मान्य या फ्रेंच चित्रपट-संगीतकाराने उभारला होता, आणि एल्टन जॉनचा त्याच वर्षी गाजलेला 'हाँकी शातो' तिथेच ध्वनिमुद्रित झाला होता.

जेथ्रो टलला मात्र ती जागा लाभली नाही. यंत्रसामग्री वारंवार बिघडत होती, जेवणातून विषबाधा झाली, घराची ओढ लागली, आणि शेवटी त्या मुक्कामाला बँडनेच 'शातो डिझास्टर' असे नाव देऊन टाकले. सुमारे तासाभराची सामग्री तिथेच सोडून ते इंग्लंडला परतले, कर भरून मायदेशात राहणे त्यांनी पत्करले, आणि जुने दुरुस्त करत बसण्याऐवजी बहुतांश नवे लिहिले. मार्च १९७३मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला तो अल्बम म्हणजे जुलै १९७३मध्ये आलेला 'अ पॅशन प्ले'. गायक आणि फ्लूटवादक इयन अँडरसन, गिटारवादक मार्टिन बार, कीबोर्डवादक जॉन एव्हन, बास वाजवणारा जेफ्री हॅमंड आणि ड्रमवादक बॅरीमोर बार्लो ही पाचही माणसे फ्रान्समध्ये होती आणि लंडनमध्येही होती. म्हणून दोन्ही ठिकाणच्या ध्वनिमुद्रणांची तुलना सरळ करता येते.

तारखांबाबत एक खूण लक्षात ठेवावी. 'नाइटकॅप'चे उपशीर्षक 'द अनरिलीज्ड मास्टर्स १९७३–१९९१' असे आहे, पण त्याच्या पहिल्या सीडीवरील फ्रान्समधील काम १९७२चे आहे. उपशीर्षकावर विसंबून राहिल्यास ही गाणी 'अ पॅशन प्ले'च्या नंतरची वाटू शकतात, आणि मग पुढची सगळी तुलनाच उलटी होते.

पहिली पायरी: पूर्ण झालेला अल्बम

उरलेल्या गाण्यांकडे जाण्यापूर्वी 'अ पॅशन प्ले' गीतांचे शब्द समोर ठेवून, मध्ये न थांबता, निदान दोनदा ऐकावा. तो पंचेचाळीस मिनिटांचा आहे आणि पहिल्या ऐकण्यात सहज हाती लागत नाही. त्या काळच्या अनेक समीक्षकांनी त्याला झोडपले होते, तरीही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात रॉनी पिलग्रिम नावाचा माणूस मरतो, स्वतःची अंत्ययात्रा पाहतो, त्याच्या आयुष्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडला जातो, आणि स्वर्ग व नरक दोन्ही नाकारून तो पुन्हा जन्माकडे वळतो.

या ऐकण्यात दोन गोष्टींवर खूण करून ठेवावी. एक म्हणजे नाटकाची चौकट: मूळ एलपीसोबत एका काल्पनिक नाट्यगृहाची कार्यक्रमपत्रिका जोडलेली होती, आणि संपूर्ण रचना रंगमंचावर घडत असल्यासारखी मांडली आहे. दुसरी म्हणजे अगदी मध्यावर येणारी, जेफ्री हॅमंडने निवेदन केलेली, चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट. मृत्यूनंतरच्या प्रवासात हा ससा आणि त्याचे प्राणीमित्र कुठून आले, असे प्रत्येक नव्या श्रोत्याला वाटते. शातोमधील सामग्री ऐकली की नाटकाची चौकट आणि प्राण्यांचा कळप या दोन्हींची मुळे दिसू लागतात.

दुसरी पायरी: २०१४चे मिक्स

त्यानंतर थेट 'नाइटकॅप'वर न जाता २०१४च्या 'अ पॅशन प्ले: अ‍ॅन एक्स्टेंडेड परफॉर्मन्स' या आवृत्तीतील शातोची गाणी ऐकावीत. २०२४चा दोन एलपींचा संचही त्याच सत्रांचा आहे आणि त्याच्या शीर्षकातच १९७२ हे साल दिलेले आहे. प्रकाशनाच्या क्रमाने पाहिले तर २०१४ची आवृत्ती 'नाइटकॅप'नंतरची आहे, तरी आधी तिच्याकडे जाण्याचे कारण सोपे आहे. हे मिक्स करणाऱ्या स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने मूळ मल्टिट्रॅक फितींवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळे नोंदवलेल्या फितींवरून, काम करताना १९७२मध्ये जे वाजले तेच ठेवले आणि जिथे काम अपुरे राहिले होते तिथे ते अपुरेच राहू दिले. जिथे गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित व्हायचा राहून गेला तिथे नुसती वाद्ये वाजत राहतात. ही रिकामी जागा प्रथम ऐकताना खटकेल. तिला तसेच खटकू द्यावे, कारण बँडने काम कोणत्या टप्प्यावर सोडले ते तिथेच कळते.

या मांडणीची सुरुवात 'द बिग टॉप'ने होते आणि लगेच 'सिनॅरिओ' व 'ऑडिशन' येतात. 'स्केटिंग अवे' आणि 'सेलर' यांच्यानंतर 'नो रिहर्सल' आहे. 'सिनॅरिओ', 'ऑडिशन' आणि 'नो रिहर्सल' ही तीन गाणी सलग ऐकावीत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला संहिता दिली जात नाही, तालीम होत नाही आणि तरी पडदा वर जातो, ही कल्पना या तीन गाण्यांत जितकी थेट मांडली आहे तितकी ती 'अ पॅशन प्ले'मध्येही नाही. १९८८च्या संचासाठी बँडने नेमकी हीच तीन निवडली होती, आणि ती निवड योग्य होती असे मला मनापासून वाटते. अकूस्टिक गिटारच्या शांत ओळींवरून पूर्ण बँडच्या तुटक, विषम तालांकडे जाणे आणि परत येणे ही जेथ्रो टलची त्या वर्षीची खास लकब इथे अगदी ताजी आहे.

पुढच्या भागात 'अ‍ॅनिमेली'चे दोन वाद्यखंड, 'लॉ ऑफ द बंगल' आणि 'टायगर टून' अशी प्राण्यांभोवती फिरणारी रचना आहे. नऊवारी लुगड्यासारखा हा ऐवज लांबलचक आहे, एकदम उलगडायला जाऊ नये. आधी 'क्रिटीक ऑब्लीक' घ्यावे. याच नावाचा खंड 'अ पॅशन प्ले'मध्येही आहे, त्यामुळे पूर्ण झालेला खंड आणि १९७२चा कच्चा खंड लागोपाठ वाजवून पाहता येतात. शातोमधील रूप लांब आहे, त्यात वाद्यांना पसरायला जागा आहे, आणि ऐकताना काही ठिकाणी बँड अजून वाट शोधतो आहे असे जाणवते. लंडनमधील रूपात तेच साहित्य आवळून एका कथेच्या कामाला लावले आहे. आवळण्यात काय मिळाले आणि काय गेले, हे प्रत्येकाने आपल्या कानाने ठरवावे. मला तरी लंडनचा निर्णय बरोबर वाटतो, पण शातोमधील वाद्यसंवादाचा मोकळेपणा गेला याची हळहळही वाटते.

याच आवृत्तीत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. 'अ पॅशन प्ले'मधील 'द फूट ऑफ अवर स्टेअर्स' या खंडाची दोन कडवी १९७३मध्ये वगळली गेली होती. विल्सनला ती मूळ फितींवर सापडली आणि त्याने ती या मिक्समध्ये परत बसवली. म्हणजे उरलेले साहित्य फ्रान्समध्येच होते असे नाही, पूर्ण झालेल्या अल्बमच्या पोटातही ते होते. ज्याने पहिल्या पायरीत जुने मिक्स नीट ऐकले आहे त्याला ही जागा आपोआप सापडते.

तिसरी पायरी: 'नाइटकॅप'ची पहिली सीडी

आता १९९३कडे यावे. 'नाइटकॅप' तयार करताना इयन अँडरसनने, जिथे गायकाचा आवाज नव्हता अशा ठिकाणी, नवा फ्लूट वाजवून भरला. हा निर्णय कट्टर चाहत्यांना आवडला नाही, कारण १९७२च्या फितीवर १९९३चा हात फिरला. माझे मत वेगळे आहे. स्वतःच्या अपूर्ण कामात भर घालण्याचा अधिकार रचनाकाराला असतोच, आणि २०१४ नंतर मूळ रूपही उपलब्ध झाल्यामुळे आता नुकसान कोणाचेच होत नाही. उलट एकाच माणसाचा वीस वर्षांच्या अंतराने वाजवलेला फ्लूट एकाच गाण्यात ऐकण्याची दुर्मीळ संधी मिळते.

त्यासाठी कान कसा लावायचा ते सांगतो. अँडरसनची सुरुवातीची शैली रोलंड कर्क या अमेरिकन जाझवादकाच्या प्रभावाखाली घडली. १९६८च्या पहिल्या अल्बममध्ये त्याने कर्कची एक रचनाही वाजवली होती. त्या शैलीत वाजवताना घशातून गुणगुणणे, फुंकरीचा आवाज मुद्दाम ऐकू देणे, जिभेने स्वर तोडणे हे सगळे येते. पन्नालाल घोष किंवा हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी ऐकून तयार झालेल्या कानाला ही फुंकर प्रथम खरखरीत वाटते, पण आघात आणि लय यांच्याकडे लक्ष दिले की तिचे प्रयोजन कळते. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अँडरसनची मुलगी शाळेत फ्लूट शिकू लागली, तेव्हा आपण इतकी वर्षे काही स्वरांसाठी चुकीची बोटे वापरत आलो हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याने बोटांची मांडणी नव्याने शिकून घेतली. 'नाइटकॅप' त्याच सुमाराचा आहे. 'फर्स्ट पोस्ट' आणि 'अ‍ॅनिमेली' यांत पुढे येणारा फ्लूट अधिक गोल, अधिक स्थिर आहे आणि गाण्याची चाल मुख्य आवाजाच्या जागी उभा राहून वाजवतो. मागचे ड्रम, बास आणि ऑर्गन मात्र १९७२च्याच खोलीत आहेत. २०१४चे मिक्स आधी ऐकले असेल तर जुने आणि नवे यांतील सांधा कुठे आहे हे कळायला वेळ लागत नाही.

दोन्ही आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी. वेगवेगळ्या काळात मास्टर झालेल्या (म्हणजे प्रसिद्धीपूर्वीचा शेवटचा ध्वनिसंस्कार झालेल्या) सीडींची पातळी वेगळी असते, आणि जे किंचित मोठ्याने वाजते तेच चांगले वाटते हा कानाचा जुना दोष आहे. फोनवरून ऐकत असाल तर एका गाण्यात दुसरे मिसळवणारी क्रॉसफेडची सोय बंद ठेवावी आणि गाण्यांचा क्रम आपोआप बदलू देऊ नये. हेडफोन साधा असला तरी चालेल, पण डावी-उजवी बाजू नीट लावावी, कारण कोणते वाद्य कुठे ठेवले आहे याचा फरक दोन मिक्समध्ये महत्त्वाचा आहे.

मग क्रमाकडे लक्ष द्यावे. 'नाइटकॅप'मध्ये प्राण्यांची गाणी पुढे आहेत आणि 'सिनॅरिओ', 'ऑडिशन', 'नो रिहर्सल' ही तीन अगदी शेवटी, अकराव्या ते तेराव्या स्थानावर आहेत. त्यामुळे तीच सामग्री १९९३मध्ये प्राण्यांच्या खेळापासून सुरू होऊन माणसाच्या रंगमंचावर संपते, तर २०१४मध्ये रंगमंचापासून सुरू होऊन प्राण्यांकडे जाते. अपूर्ण कामाला कायमचा क्रम कधी मिळालेलाच नसतो, म्हणून संपादनाने इतका फरक पडतो. नावेही बदललेली आहेत: 'नाइटकॅप'वरील 'सॉलिटेअर' म्हणजे पुढचे 'ओन्ली सॉलिटेअर'. गाणी जुळवताना नावांपेक्षा चालींवर विश्वास ठेवावा.

'वॉर चाइल्ड'चा जोडरस्ता

शातोमधली दोन गाणी 'अ पॅशन प्ले'मध्ये न येता १९७४च्या 'वॉर चाइल्ड' या अल्बममध्ये आली: 'ओन्ली सॉलिटेअर' आणि 'स्केटिंग अवे ऑन द थिन आइस ऑफ द न्यू डे'. यांपैकी पहिले दीड मिनिटाचे आहे आणि त्यात गायकावर तुटून पडणाऱ्या टीकाकाराला चिमटा काढला आहे. १९७४मध्ये ते ऐकणाऱ्याला, आदल्या वर्षी 'अ पॅशन प्ले'वर झालेल्या टीकेचे हे उत्तर आहे असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात ते गाणे त्या टीकेच्या आधीच, फ्रान्समध्ये तयार झाले होते. उरलेल्या ध्वनिमुद्रणांच्या तारखा तपासण्याचा खरा लाभ हा असा असतो: ओळखीच्या गाण्यामागचे गृहीत कारण गळून पडते आणि गाणे नव्याने ऐकावे लागते.

चौथी पायरी: दुसरी सीडी कालक्रमाने

'नाइटकॅप'ची दुसरी सीडी शातोची नाही. तिच्यात १९७४पासून १९९१पर्यंतच्या वेगवेगळ्या अल्बमांतून बाजूला राहिलेली गाणी आहेत, आणि ती कालक्रमाने लावलेली नाहीत. ती दिलेल्या क्रमाने ऐकल्यास एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दहा-दहा वर्षांच्या उड्या बसतात आणि सगळेच विस्कळीत वाटते. म्हणून आपली स्वतःची यादी करावी. सुरुवातीला 'वॉर चाइल्ड'च्या काळातील 'पॅरडाइज स्टेकहाउस', 'सीलायन टू' आणि 'क्वार्टेट' ठेवावीत. त्यानंतर १९७५चे 'अ स्मॉल सिगार' आणि मग 'हेवी हॉर्सेस' या अल्बमच्या काळातील 'ब्रॉडफर्ड बझार'. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील ब्रॉडफर्ड गावाचे नाव घेतलेले हे अकूस्टिक गाणे या सीडीतील सर्वांत सुंदर गाणे आहे, आणि सीडी विकत घेण्यासाठी तेवढे एकही मला पुरेसे वाटते.

त्याच्यापुढे १९८१ची तुकडी येते: 'क्रू नाइट्स', 'द कर्स', 'कॉमन्स ब्रॉल', 'नो स्टेप', 'ड्राइव्ह ऑन द यंग साइड ऑफ लाइफ' आणि 'लाइट्स आउट'. ही सगळी १९८२च्या 'ब्रॉडस्वर्ड अँड द बीस्ट' या अल्बमच्या तयारीतील आहेत. तो अल्बम सोबत ठेवून ऐकल्यास लक्षात येते की तलवारी आणि जुन्या दंतकथांचा जो एकसंध रंग त्याला आहे, तो बऱ्याच अंशी ही शहरी, आजच्या माणसांची गाणी बाजूला काढल्यामुळे आला. शेवटी १९८८ ते १९९१ या काळातील उरलेली गाणी घ्यावीत. त्यांत 'रोझा ऑन द फॅक्टरी फ्लोअर' नीट ऐकण्याजोगे आहे. बाकीची एकदा ऐकली तरी पुरे.

काय विकत घ्यावे

दुसऱ्या सीडीवरील अनेक गाणी पुढे त्या त्या अल्बमच्या रीमास्टर केलेल्या आवृत्त्यांत जोडगाणी म्हणून आली आहेत. ज्याच्याकडे त्या आवृत्त्या आहेत त्याने 'नाइटकॅप'वर खर्च करण्यापूर्वी आपल्या सीडींच्या मागची यादी तपासावी; काही गाणी घरातच असण्याची शक्यता आहे. एकच आवृत्ती घ्यायची असेल तर २०१४ची घ्यावी, कारण तिच्यात पूर्ण झालेला अल्बम आणि सोडून दिलेले काम शेजारी शेजारी मिळते, आणि डीव्हीडीवर सराउंड ध्वनीचे मिक्सही आहे. फक्त एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी २०२४चा संच आहे; त्यासोबत 'अ पॅशन प्ले' वेगळा घ्यावा लागेल. १९९३ची 'नाइटकॅप' जुन्या सीडींच्या दुकानात मिळाली तर दोन्ही सीडी आणि आतली पुस्तिका जागेवर आहेत का, हे पाहून मगच पैसे द्यावेत.